मुक्काम पोस्ट पंधरा वर्षे

माणसाने एका जागी स्वस्थ बसायचं ठरवलं तरी सरकारं त्याला बसू देत नाहीत, हे आमच्या आजोबांच्या चरित्रावरून सिद्ध करता येतं. आजोबा जन्मले निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि ते भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य सोडून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आले. आणि १ मे १९८१ रोजी, उतारवयात, औरंगाबाद जिल्ह्याला रामराम ठोकून जालना जिल्ह्यात दाखल झाले. एवढी स्थलांतरं करूनही आजोबा ओसरीवरून उठले नव्हते. घर तेच, आड तोच, पावसाळ्यात गळणारा कोपरासुद्धा तोच. आमच्या घराण्यात पत्ता बदलण्याचं खातं पहिल्यापासून सरकारकडे होतं.

त्यामुळे ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न कुणी सहज विचारला तरी मी आधी ‘कोणत्या सालचं सांगू?’ असं विचारून घेतो. आणि दैवाची गंमत अशी की, हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारण्याबद्दल मला दरमहा पगार मिळतो. बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसाला मी नाव विचारतो आणि लगेच पत्त्याचा पुरावा मागतो. हातात पाचशेची नोट असली तरी चालत नाही. ती नोट कुठे राहते हे कळावं लागतं.

परवा चहाच्या सुट्टीत आमच्या शाखेत अमेरिकेवरून भांडण झालं. भांडणाला अमेरिका लागते असं नाही, पण एका सहकाऱ्याची मुलगी कॅलिफोर्नियात असल्यामुळे तिकडचे प्रश्न आमच्याकडे टपालखर्चाशिवाय येतात. प्रश्न असा होता : जे लोक कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरले किंवा मुदत संपूनही तिथेच राहिले, त्यांना गाडी चालवायचं लायसन द्यावं की नाही?

“घुसखोराला लायसन?” आमचे हेडकॅशियर कडाडले. “उद्या त्याला लॉकरची किल्ली द्या आणि वर चहा पाजा!”

“नका देऊ,” कर्जखात्यातले गृहस्थ म्हणाले. ते आयुष्यभर थकबाकीदारांत वावरल्यामुळे माणसांकडून फारशी अपेक्षा ठेवत नाहीत. “पण लायसन नाही म्हणून तो गाडी चालवायचा थांबणार आहे का?”

वाचकहो, कपभर चहात निघालेले हे दोन मुद्दे तिकडे तीस वर्षं चघळले जात आहेत. कॅलिफोर्नियात पूर्वी लायसन काढताना तुम्ही देशात कायदेशीर आहात का, हे कुणी विचारत नव्हतं. १९९३ साली तसा कायदा झाला आणि पुरावा मागायला सुरुवात झाली. पुढे गिल सेडिलो नावाच्या एका आमदाराने ही अट काढावी म्हणून इतक्यांदा विधेयक आणलं की, लोक त्याला ‘वन बिल गिल’ म्हणू लागले. २००३ साली गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्याच्यावर सही केली, पण लगेच मतदारांनी गव्हर्नरांनाच परत बोलावलं. नव्या गव्हर्नरांच्या पहिल्याच महिन्यांत, त्याच वर्षाअखेर, तो कायदा रद्द झाला. २००७ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांनीही असाच बेत जाहीर केला आणि थोड्याच आठवड्यांत मागे घेतला.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. अमेरिकेत लायसन हे नुसतं गाडीचं नसतं. ओळख पटवायला सगळीकडे तेच दाखवतात. सप्टेंबर २००१ मध्ये विमानं पळवणाऱ्यांपाशी तिथलीच लायसन्स आणि ओळखपत्रं निघाली, आणि २००५ साली ‘रिअल आय.डी.’चा कडक कायदा आला. शिवाय नियम मोडणाऱ्याला सरकारने शिक्का मारून कागद द्यायचा, तर नियमाने रांगेत उभं राहणाऱ्याने काय करायचं, हा प्रश्न आम्हां बँकवाल्यांना तर लगेच समजतो. वेळेवर हप्ते भरणारा मनुष्य कर्जमाफीच्या दिवशी ज्या नजरेने आमच्याकडे बघतो, ती नजर आम्ही पाहिली आहे.

हे सगळं ऐकताना मला मात्र कॅलिफोर्निया दिसेना. मला दिसू लागलं निजामाचं राज्य. कारण ‘आतला कोण आणि बाहेरचा कोण’ हा खेळ आमचा जालना तालुका फार आधी खेळून बसला आहे. तेव्हा त्याला ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ म्हणत.

मुलकी म्हणजे मुलखातला. गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. भानगड सुरू झाली ती पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत, म्हणजे १८५३ ते १८८३ या काळात. राज्याचा कारभार नव्या पद्धतीचा करायचा म्हणून त्यांनी बाहेरून, विशेषतः उत्तर हिंदुस्थानातून, शिकलेली माणसं आणली. माणसं हुशार होती. हुशार माणूस एकटा कधीच येत नाही. मागून मेव्हणा येतो. हळूहळू खुर्च्या बाहेरच्यांना आणि सतरंज्या घरच्यांना अशी वाटणी दिसू लागली. १८८० नंतरच्या वर्षांत दरबारी भाषा फारसीची उर्दू झाली. उर्दूत कागद लिहिणारे उत्तरेत मुबलक होते, तेव्हा तक्रार आणखी वाढली. आमच्याकडच्या मराठी माणसाला फारसीही येत नव्हती आणि उर्दूही, त्यामुळे या बदलात त्याचं नवं नुकसान काही झालं नाही, एवढंच समाधान.

अखेर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या १९१९ च्या फर्मानाने नियम पक्के झाले. सरकारी नोकरी मुलकी माणसालाच. गैरमुलकी असेल तर खुद्द निजामाची मंजुरी हवी. आता मुलकी कुणाला म्हणायचं? जो जन्माने इथला त्याला. किंवा ज्याच्या जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत पंधरा वर्षं काढून बसला होता त्याला. किंवा जी मुलकी माणसाची बायको आहे तिला. किंवा जो किमान पंधरा वर्षं राज्यात कायमचा राहिला आहे आणि ज्याने आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे त्याला. आणि हा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात, मॅजिस्ट्रेटसमोर!

मला या शेवटच्या अटीचं फार कौतुक वाटतं. जमिनीचं गहाणखत, घराचं खरेदीखत समजू शकतो. पण मनातला विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र? रात्री झोपेत गावाकडची नदी दिसली तर सकाळी मॅजिस्ट्रेटला कळवायचं की काय, याचा खुलासा नियमात नाही.

कागद आला की कागदाची नक्कल येते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. मुलकी प्रमाणपत्रांचंही तेच झालं. १९४८ नंतर बाहेरचे अधिकारी आणि कर्मचारी हैदराबादेत आले आणि खोटी मुलकी प्रमाणपत्रं मिळवून नोकऱ्या बळकावतात अशी ओरड झाली. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. मराठवाडा १९५६ ला तिथून निघाला, पण तेलंगणात तो वाद धुमसत राहिला. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले आणि १९७३ सरता सरता संसदेने ते रद्द केले. चोपन्न वर्षं एका आकड्याने राज्य केलं : पंधरा.

हा आकडा मेला असं कुणाला वाटलं असेल, तर त्याने मुंबईला जावं. महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये प्रवासी गाडी चालवण्याचा बिल्ला हवा असेल तर अट होती : राज्यात पंधरा वर्षं वास्तव्य आणि कामापुरती मराठी. पुन्हा पंधरा! निजाम गेला, आकडा मागे राहिला. भाड्याच्या खोलीत आधीच्या भाडेकरूचं कॅलेंडर राहतं तसा.

वीस वर्षं हा नियम पुस्तकात निवांत पडून होता. जानेवारी २०१० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या टॅक्सी परवान्यांसाठी तो पुन्हा ठणकावून सांगितला : पंधरा वर्षं रहिवास आणि मराठी लिहिता, वाचता, बोलता आली पाहिजे. देशभर गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी खुलासा केला की मराठी, हिंदी किंवा गुजराती, कोणतीही चालेल. पुढे २०१५ साली परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी नव्या रिक्षा परवान्यांसाठी मराठीची अट जाहीर केली, २०१६ ला परिपत्रक निघालं आणि मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं.

आता मराठीची अट अगदीच वेडगळ म्हणावी तर तसंही नाही. ‘पुढच्या चौकात डावीकडे’ एवढं चालकाला समजलं नाही तर प्रवासी परळऐवजी पनवेलला पोचेल. इथल्या पोरांना चार रिक्षा मिळाव्यात ही इच्छाही पाप नव्हे. मुलकीवाल्यांची तक्रार तरी दुसरी काय होती? पण भाषा महिन्याभरात कामापुरती शिकता येते, पंधरा वर्षं मात्र पंधरा वर्षांनीच होतात. आणि त्या पंधरा वर्षांत माणूस काय करतो? तो दुसऱ्याच्या बिल्ल्यावर गाडी चालवतो.

हे मला मुंबईत जाऊन कळलं नाही, काउंटरवर बसूनच कळलं. ‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची ख्याती. आता त्या पाळण्यात सोन्याऐवजी लोखंड आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे कारखाने आहेत. बांधकामाच्या सळया इथून गाड्या भरभरून जातात. भट्टीपुढे उभी राहणारी पुष्कळ पोरं बिहारची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची. त्यांतला एक जण खातं उघडायला आला. मी सवयीने विचारलं, “पता?”

तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “कौन सा लिखें साहब? जहाँ के हैं, कि जहाँ सोते हैं?”

मी बी.कॉम.ला असताना अर्थशास्त्राचे तीन पेपर दिले, पण स्थलांतर या विषयावर इतकं नेमकं वाक्य वाचल्याचं आठवत नाही.

त्याला हसण्याचं कारण नाही. जालना जिल्हा माणसं नुसती घेत नाही, देतोही. दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगीकडची गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आणि मग चार-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, पाचटाच्या कोपीत मुक्काम. त्यांच्या पत्त्यावर आमचं पत्र गेलं तर घराला कुलूप, आणि कोपीच्या पत्त्यावर पाठवावं तर फड पुढच्या गावाला गेलेला. तिकडच्या लेखी ते गैरमुलकी आणि आमच्या लेखी ‘पत्त्यावर आढळत नाहीत’. असाच एक ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा शाखेत आला होता. ओळखपत्र म्हणून काय काय चालतं हे सांगताना मी विचारलं, “ड्रायव्हिंग लायसन आहे का?”

“हाये की साहेब,” तो अभिमानाने म्हणाला. “मालकाचं हाये.”

पाठीमागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या लावून रात्रीचा घाट उतरणाऱ्या पोराजवळ मालकाचं लायसन आहे, या आधारावर आपण सगळे रस्त्याने जातो.

मग कायदा काय म्हणतो? १९१४ च्या पहिल्या देशव्यापी मोटार कायद्यापासून १९३९ आणि १९८८ च्या कायद्यांपर्यंत लायसनचा मूळ हेतू एकच : हा माणूस गाडी नीट चालवतो का? त्यासाठी वय पाहिजे, नजर पाहिजे, चिन्हं ओळखता आली पाहिजेत. पण लायसन कुणी आणि कुठे काढायचं हे ठरवायला पत्ता लागतो आणि पत्ता म्हटला की पुरावा आला. १९८९ च्या केंद्रीय नियमांत त्याची यादी आहे : मतदारयादी, विम्याची पॉलिसी, पासपोर्ट, शाळेचा दाखला वगैरे. आणि यातलं काहीच नसेल तर? सबळ कारण असल्यास प्रतिज्ञापत्र! निजामाचा मॅजिस्ट्रेट पुन्हा हजर. पुरावा नसलेल्या माणसाचा शब्द शेवटी शपथेवर घ्यावाच लागतो, एवढं शहाणपण दोन्ही राजवटींना सुचलं, हे मला दिलासा देणारं वाटतं.

मधल्या काळात आणखी एक अट आली होती. व्यावसायिक गाडीच्या चालकाला आठवी पास व्हायला हवं. उत्तम गाडी चालवणारे पण सातवीत शाळा सुटलेले कितीतरी लोक तिने बाहेर ठेवले, आणि २०१९ साली सरकारने ती काढून टाकली. आता नवा नियम जन्मदाखल्याचा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या बाळांना शाळेत नाव घालायला, मतदारयादीला, पासपोर्टला आणि लायसनलाही जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल. ती बाळं अठरा वर्षांची होतील ऑक्टोबर २०४१ मध्ये. ज्यांचा जन्म दवाखान्यात झाला त्यांना चिंता नाही. ज्याचा जन्म उसाच्या फडात, परजिल्ह्यात, मुकादमाच्या घाईत झाला, त्याची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीने केली हे मात्र त्याच्या आईने आत्ताच बघून ठेवायला हवं. कागदाची किंमत तो नसतानाच कळते. २०२३ साली आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत आरक्षणासाठी उपोषण झालं आणि त्यानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत निजामकाळातली दप्तरं उलटू लागली. एका नोंदीवर नातवंडांचं शिक्षण आणि नोकरी टांगलेली असू शकते, हे तेव्हा इथल्या घराघरांत कळलं.

इकडे कॅलिफोर्नियाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. २०१३ साली तिथे पुन्हा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून कागदपत्रं नसलेल्यांनाही परीक्षा घेऊन लायसन मिळू लागलं. पहिल्याच वर्षात सहा लाखांवर लोकांनी ते काढलं. म्हणजे सहा लाख माणसं कुठून तरी नव्याने उगवली असं नव्हे. त्यांतली पुष्कळ आधीपासूनच रस्त्यावर होती, फक्त कुणाच्या यादीत नव्हती. त्या लायसनवर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ असं छापलेलं असतं. आमच्या ‘अकाउंट पेयी’ चेकवर दोन रेघा मारतात तसंच : हा कागद गाडीपुरता, पुढे चालायचा नाही. हेडकॅशियरसाहेबांच्या लॉकरची काळजी त्या तीन शब्दांनी घेतली आहे.

मग स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला आणि २०१७ साली प्रसिद्ध केला. एकूण अपघात वाढले नाहीत, पण धडक देऊन पळून जाण्याचे प्रकार सात ते दहा टक्क्यांनी कमी झाले. कारण समजायला स्टॅनफर्डला जायला नको. ज्याच्यापाशी कागद नाही त्याला अपघातापेक्षा पोलिसाची भीती जास्त. रस्त्यात पडलेल्या माणसाजवळ तो थांबणार कसा? खिशात लायसन असलं तर थांबायला निदान पाय होतात. २०२३ पर्यंत तिकडे एकोणीस राज्यांनी आणि राजधानीने हाच मार्ग धरला होता. बाकीच्यांनी धरला नाही, आणि वाद चालूच राहिला.

या हिशेबाने आमच्या चहाच्या टेबलावर निकाल लागला नाही. हेडकॅशियर म्हणाले, “ते ठीक, पण देशाला दार नको का?” दार पाहिजेच. दाराशी पहारेकरी पाहिजे, त्याला डोळे पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच की, ते काम आर.टी.ओ.च्या मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढून घेणाऱ्या माणसाकडे देऊ नये. निजामाने आधीचा आणि आपण पुढचा अनुभव गाठीला बांधला आहे. कोण कुठला, हे पंधरा वर्षांच्या अटीने ठरत नाही. ठरतं ते कुणाकडे प्रमाणपत्र आहे. तोवर गाडी कुणीतरी चालवतच असतं.

आणि परत जाण्याचा विचार सोडला आहे असं शपथेवर कोण सांगेल? भट्टीवरचा पोरगा छठपूजेला गावी जाण्यासाठी आधीपासून रजा मागून ठेवतो. ऊसतोडवाले पट्टा पडला की घराकडे निघतात. कॅलिफोर्नियातली ती मुलगी दर दिवाळीला ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणते. त्या नमुन्यावर निर्धास्त सही करू शकले असते ते फक्त आमचे आजोबा, आणि त्यांना कुणी विचारलंच नाही.

अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याला हंगामात रात्री उसाचे ट्रॅक्टर भेटतात. समोरून एकच दिवा येतो, आणि तो मोटारसायकलचा आहे की एक डोळा गेलेल्या ट्रॅक्टरचा, हे जवळ येईपर्यंत समजत नाही. त्या वेळी तो चालवणारा मुलकी आहे की गैरमुलकी, हा विचार माझ्या मनाला शिवत नाही. त्याला ब्रेक कुठे आहे हे कुणीतरी एकदा विचारून घेतलेलं असावं, एवढीच प्रार्थना मी करतो आणि गाडी रस्त्याच्या खाली घेतो.